एकही मॅच न हरता घरी बसलेली टीम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीच्या १९५१ च्या फुटबॉल टीमवर चार ओळी टाकल्या होत्या. नऊ मॅच, नऊच्या नऊ जिंकल्या, आणि तरी सीझन संपल्यावरच्या मोठ्या मॅचला बोलावणं नाही, कारण टीममधे दोन काळे खेळाडू होते आणि बाकीच्या पोरांनी त्यांना सोडून जायला नकार दिला. एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर जायचं ते, हे आधीच सांगतो कारण दोघातिघांनी गोल किती मारले असं विचारलंय.

प्रश्न : ही बाऊल मॅच म्हणजे फायनल का? नऊ मॅच जिंकल्यावर फायनलला कोण कसं अडवू शकतं?

तिथेच तर गोम आहे. फायनल असती तर अडवताच आलं नसतं. त्या काळात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधे नॉकआउट वगैरे काही नव्हतं, पत्रकार मतदान करून रँकिंग ठरवायचे आणि सीझन संपला की १ जानेवारीच्या आसपास काही शहरांत बाऊल नावाच्या मॅच व्हायच्या, मायामीत ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाऊल, डॅलसला कॉटन बाऊल, जॅक्सनव्हिलला गेटर बाऊल. या भरवायच्या तिथल्या स्थानिक कमिट्या, म्हणजे शहरातले व्यापारी-बिपारी लोक, ज्यांना नवीन वर्षाला गावात गर्दी व्हावी आणि हॉटेलं भरावीत असं वाटायचं. कोणाला बोलवायचं ते हेच लोक ठरवणार. हक्क नाही, निव्वळ निमंत्रण. आणि आता ही शहरं नकाशावर बघा, सगळी दक्षिणेतली, जिथे तेव्हा शाळा, बस, हॉटेल सगळीकडे गोरे वेगळे आणि काळे वेगळे असा कायदा होता.

राहिला कॅलिफोर्नियातला रोझ बाऊल. तो दक्षिणेत नाही, पण १९४६ च्या करारापासून तिथे फक्त दोन ठरलेल्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) टीम खेळायच्या, एक पॅसिफिक किनाऱ्यावरची आणि एक मध्य-पश्चिमेकडची. सॅन फ्रान्सिस्को कुठल्याच कॉन्फरन्समधे नव्हती. म्हणजे घराजवळचं दार करारामुळे बंद आणि लांबची दारं रंगामुळे. गंमत म्हणजे सीझनची शेवटची मॅच ते रोझ बाऊलच्याच स्टेडियममधे खेळले, लॉस एंजेलिसच्या लोयोला कॉलेजविरुद्ध, २०-२ ने जिंकले.

प्रश्न : टीम खरंच भारी होती की दुबळ्या टीमना धुऊन नऊ मॅच जिंकल्या? बाऊलवाल्यांनी म्हणे शेड्यूल हलकं आहे असं कारण दिलं होतं.

प्रश्न एकदम रास्त आहे आणि खरं सांगायचं तर शेड्यूल हलकंच होतं. सॅन होजे स्टेटशी दोनदा खेळले (३९-२ आणि ४२-७), आयडाहो २८-७, कॅम्प पेंडलटनच्या मरीन सैनिकांची टीम २६-०, सॅन दिएगोच्या नेव्हीची टीम २६-७, सांता क्लारा २६-७. आता यात दोन तर लष्करी तळांच्या टीम आहेत. स्टॅनफर्ड नाही, बर्कलीची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी नाही, जी दोन्ही अगदी बाजूलाच. पण शेजारच्या मोठ्या कॉलेजांच्या बाजूने विचार करा ना, छोट्या जेझुइट (म्हणजे कॅथलिक पाद्र्यांनी चालवलेल्या) कॉलेजशी खेळून जिंकलं तर कोणी कौतुक करणार नाही आणि हरलं तर अब्रू जाणार, मग कशाला खेळतील. म्हणजे मोठ्यांनी खेळायचं नाही आणि वर तुम्ही मोठ्यांशी खेळलात कुठे असं विचारायचं, असा तो मामला.

दोन मॅच मात्र बघण्यासारख्या होत्या. एक न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध, ऑक्टोबरमधे, ३२-२६. पूर्ण सीझनमधली एवढी एकच मॅच चुरशीची झाली. यात ऑली मॅटसनने, टीममधल्या त्या दोन काळ्या खेळाडूंपैकी एकाने, दोन वेळा किकऑफचा बॉल पकडून थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळत नेला. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : समोरून अकरा जण तुम्हाला आडवं करायला पूर्ण वेगात येत असतात आणि तुम्ही नव्वदेक यार्ड त्यांच्यातून वाट काढायची, एखाद्या खेळाडूला अख्ख्या करियरमधे असं एकदा जमलं तरी तो नातवंडांना सांगत बसतो, याने एका दुपारी दोनदा केलं. आणि तेही न्यूयॉर्कच्या पत्रकारांसमोर, ज्यांनी तोवर या पोरांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

दुसरी नोव्हेंबरमधली, स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्ध. ती टीम चांगली होती, आणि या मॅचवर बाऊलवाल्यांची नजर असणार असं सगळे धरून चालले होते. ४७-१४. विषय संपला.

नऊ मॅचची बेरीज केली तर २८६ पॉइंट केले आणि ७२ दिले, म्हणजे सरासरी ३२ विरुद्ध ८. मॅटसनने एकट्याने १,५६६ यार्ड पळून काढले आणि २१ टचडाउन केले (बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की एक टचडाउन), यार्डांमधे त्या वर्षी देशात पहिला. तरी वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी गेली प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला आणि मॅटसन मतदानात नववा. असोसिएटेड प्रेसच्या शेवटच्या रँकिंगमधे टीम चौदावी.

पण टीम भारी होती का याचं उत्तर त्या सीझनमधे शोधूच नका, पुढच्या वीस वर्षांत शोधा. या एका कॉलेज टीममधले तीन जण, मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममधे गेले. एका कॉलेजच्या एकाच वर्षाच्या टीममधून तिघं! क्वार्टरबॅक एड ब्राउन नंतर शिकागो बेअर्सकडून खेळला. शेड्यूल हलकं होतं हे मान्य, पण टीम हलकी नव्हती. आणि मला विचाराल तर शेड्यूलचं कारण खोटं नव्हतं म्हणूनच ते इतकं सोयीचं पडलं. तोंडावर सांगता येईल असं एक अर्धं खरं कारण हाताशी असलं की दुसरं सांगायची वेळच येत नाही.

प्रश्न : एका ठिकाणी वाचलं की आमंत्रण आलंच नाही, दुसरीकडे वाचलं की आलं होतं आणि यांनी नाकारलं. खरं काय?

दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. छापील पत्र येऊन ते फाडून टाकलं असा सिनेमातला सीन डोक्यातून काढून टाका. बाऊलची आमंत्रणं आधी तोंडी चाचपणी करून ठरायची, मधल्या माणसांमार्फत, म्हणजे तुम्ही येणार असाल तर आम्ही विचार करू, पण अमुक असेल तर. इथे अमुक म्हणजे ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर यांना घरी ठेवा. कोच जो कुहारिचने ते टीमसमोर ठेवलं आणि टीमने नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे औपचारिक आमंत्रण आलंच नाही.

कुठे सांगितलं, कोण पहिलं बोललं यावर खेळाडूंच्या म्हातारपणीच्या आठवणी एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यात नवल काय, पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. एका गोष्टीवर मात्र सगळे एकमताने बोलतात की चर्चा अशी झालीच नाही. मतदान, भाषण, रडारड काही नाही. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो. नंतर लोकांनी त्याला मोठा नैतिक निर्णय वगैरे करून टाकलं पण त्या वेळी त्या पोरांच्या दृष्टीने आपल्यातल्या दोघांना सोडून मॅचला जायचं म्हणजे काय हे त्यांना कळेचना. मार्केटी तर दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेला, बॅटल ऑफ द बल्जमधे होता, त्याला मायामीतल्या कमिटीचं काय कौतुक असणार.

शेवटी ऑरेंज बाऊल जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, शुगर बाऊलला मेरिलँडने टेनेसीला हरवलं, गेटर बाऊलला मायामीने क्लेम्सनला.

प्रश्न : जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू १९४७ पासून बेसबॉलच्या मोठ्या लीगमधे खेळत होता ना? मग १९५१ ला हे कसं काय चालू होतं? आणि असं करणारी ही पहिलीच टीम का?

रॉबिन्सन ब्रुकलिनचा, म्हणजे उत्तरेतल्या टीमचा. दक्षिणेत कायदाच वेगळा होता आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे हे सुप्रीम कोर्टाने सांगायला १९५४ उजाडलं. सांगितल्यावरही लगेच काही बदललं नाही, उलट काही ठिकाणी चेव आला. १९५६ च्या शुगर बाऊलचं उदाहरण घ्या. पिट्सबर्गच्या टीममधे बॉबी ग्रायर हा काळा खेळाडू होता म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने जॉर्जिया टेकला मॅच खेळू नका म्हणून सांगितलं, त्यावर टेकचे विद्यार्थीच रस्त्यावर उतरले (चक्क मॅच खेळू द्या म्हणून), शेवटी मॅच झाली आणि टेक ७-० ने जिंकलं. पण त्याच वर्षी लुइझियाना राज्याने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायचंच नाही असा कायदा करून टाकला, जो पुढे कोर्टात पडला.

आणि १९५१ चंच बघायचं तर त्याच ऑक्टोबरमधे ओक्लाहोमात ड्रेक युनिव्हर्सिटीच्या जॉनी ब्राइटचा जबडा मैदानावर फोडला गेला. बॉल त्याच्याकडे नसताना. आयोवातल्या एका पेपरच्या फोटोग्राफरांनी ते सगळं ओळीने टिपलं आणि त्या फोटोंना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, म्हणून निदान ते नाकारता तरी आलं नाही. टोलर आणि मॅटसनला सोडून या असं सांगणारे ज्या हवेत राहत होते ती ही हवा.

पहिली टीम? नाही. हे श्रेय सॅन फ्रान्सिस्कोच्या नावावर उगाच चिकटवलं जातं. पेन स्टेटच्या टीमने १९४६ मधेच मायामी युनिव्हर्सिटीविरुद्धची मॅच रद्द केली होती, काळ्या खेळाडूंना सोडून जाणार नाही म्हणून. तीच पेन स्टेट १९४८ च्या कॉटन बाऊलला वॉलेस ट्रिपलेट आणि डेनी हॉगार्ड या दोघा काळ्या खेळाडूंना घेऊन डॅलसला गेली, सदर्न मेथडिस्टशी १३-१३ बरोबरी झाली. हॉटेलात सगळ्यांना एकत्र राहता येईना म्हणून टीम नेव्हीच्या विमानतळावर राहिली. म्हणजे बघा, कमिटीला खरंच बोलवायचं असेल तर १९४८ ला टेक्ससमधेसुद्धा बोलवता येत होतं. तेव्हा त्या काळी तसंच होतं हो, कोणाचा इलाज नव्हता, असं जे दोन वाचकांनी लिहिलंय ते मला पटत नाही.

प्रश्न : त्या बाऊलमुळे कॉलेजचं फुटबॉल बंद पडलं असं म्हणतात. एका मॅचने?

एका मॅचने नाही, पण ती मॅच मिळाली असती तर कदाचित तगलं असतं. कॉलेज आधीच फुटबॉलमधे तोट्यात होतं आणि बाऊलचे पैसे हीच शेवटची आशा होती. ते आले नाहीत आणि सीझन संपल्यावर कॉलेजने मोठ्या पातळीवरचं फुटबॉल बंद केलं. नऊपैकी नऊ जिंकलेली टीम, पुढच्या वर्षी टीमच नाही.

पण या एकाच कॉलेजचं असं झालं नाही, तेव्हा छोट्या कॅथलिक कॉलेजांमधे साथच आली होती. खाडीपलीकडचं सेंट मेरीज आणि वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन १९५० च्या सीझननंतर थांबले, सांता क्लारा १९५२ नंतर, ज्या फोर्डहॅमशी ती ३२-२६ ची मॅच झाली ते १९५४ नंतर. आणि ज्या लोयोलाला रोझ बाऊलमधे हरवलं त्यांनीही त्याच सीझननंतर दुकान बंद केलं, म्हणजे ती मॅच दोन्ही टीमची शेवटची. कारणं बरीचशी सारखीच. बदली खेळाडूंवर मर्यादा नव्हती त्यामुळे अटॅकला वेगळे आणि डिफेन्सला वेगळे असे दुप्पट खेळाडू, म्हणजे दुप्पट स्कॉलरशिप, दुप्पट सामान, तिकिटं. वर सॅन फ्रान्सिस्कोत केझार स्टेडियमवर फॉर्टी नाइनर्सची प्रोफेशनल टीम १९४६ पासून खेळायला लागली होती, त्याच स्टेडियमवर कॉलेजच्या मॅच. तिकिटाला पैसे एकदाच काढायचे तर माणूस कुठे जाईल?

बॉब सेंट क्लेअरला याचा थेट फटका बसला, त्याचं कॉलेजचं एक वर्ष शिल्लक होतं, त्याला ते खेळायला ओक्लाहोमातल्या टल्सा युनिव्हर्सिटीत जावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला माणूस, नंतर फॉर्टी नाइनर्सकडून पुन्हा केझारवरच खेळायला आला. सहा फूट नऊ इंच उंची आणि मांस कच्चं खायचा, हे अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न : मॅटसन आणि टोलर पुढे काय झाले? सगळे मॅटसनबद्दलच लिहितात, टोलरबद्दल कोणीच लिहीत नाही.

बरोबर पकडलंत. मॅटसनचं थोडक्यात : १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधे ४०० मीटरला ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर, मग शिकागो कार्डिनल्स, जिथे त्या वर्षी कोच म्हणून कोण आला तर कुहारिचच, आणि १९५९ ला लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेताना बदल्यात नऊ जण दिले. एका माणसाचे नऊ. १९७२ ला मॅटसन आणि मार्केटी दोघं एकाच वर्षी हॉल ऑफ फेममधे गेले.

टोलर मेम्फिसचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमधे मॅटसनबरोबर खेळला आणि मग दोघं युनिव्हर्सिटीत आले. टीममधल्या बऱ्याच जणांचं मत होतं की टोलरच सगळ्यात चांगला खेळाडू आहे, मॅटसनपेक्षासुद्धा. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला निवडलं होतं. पण १९५२ च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या निवडक खेळाडूंची प्रोफेशनल चॅम्पियन टीमशी मॅच असायची त्यात गुडघा गेला. संपलं. एकही प्रोफेशनल मॅच न खेळता संपलं.

मग तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या माध्यमिक शाळांमधला पहिला काळा मुख्याध्यापक. आणि १९६५ ला एनएफएलमधे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधे, अंपायरिंगच्या टीममधे आला, लीगच्या इतिहासातला पहिला काळा ऑफिशियल. बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधेही तोवर कोणी नव्हता. पंचवीस सीझन केले. १९८० चा सुपर बाऊल, म्हणजे एनएफएलची फायनल, त्याने केला, हेड लाइन्समन म्हणून (कडेच्या रेषेवरचा पंच). सोमवार ते शुक्रवार शाळा आणि रविवारी मैदान. ज्याला एका बाऊलला येऊ नको म्हणाले होते तो सगळ्यात मोठ्या बाऊलमधे शिट्टी गळ्यात घालून उभा, हे वाक्य लिहायचा मोह आवरत नाही, पण खरं सांगू का, मला त्याची शाळेची नोकरी जास्त मोठी वाटते. २००९ मधे गेला. तो जिथे मुख्याध्यापक होता त्या शाळेच्या आवाराला आता त्याचं नाव आहे.

प्रश्न : पीट रोझेलचा या टीमशी काय संबंध? नाव कुठेतरी दिसलं.

तो कॉलेजचा स्पोर्ट्स पब्लिसिटीवाला होता. पत्रकारांना फोन करा, मॅटसनचे आकडे पाठवा, आमच्या टीमबद्दल लिहा हो म्हणून मागे लागा, हे त्याचं काम, न्यूयॉर्कच्या मॅचच्या वेळी तर फारच. १९६० ला तो एनएफएलचा कमिशनर झाला आणि १९८९ पर्यंत राहिला, टीव्हीचे मोठे करार आणि सुपर बाऊल त्याच्याच काळातले. टोलरला १९६५ ला घेतलं तेव्हा लीगचा प्रमुख हाच. आता यात जुनी ओळख किती आणि टोलरची लायकी किती असा प्रश्न येईल, तर पंचवीस सीझन ओळखीवर निघत नाहीत.

प्रश्न : सगळं गोड वाटतं पण त्या बाकीच्या पोरांचं काय, ज्यांना पुढे एनएफएल मिळालं नाही? त्यांची तर आयुष्यातली एकमेव मोठी मॅच गेली. दोन जणांसाठी सगळ्यांनी का भोगायचं?

भोगायला लावलं कोणी हे आधी ठरवू या. दोघांनी नाही लावलं, कमिटीने लावलं. पण तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही कारण ही गोष्ट सांगताना नेहमी हॉल ऑफ फेमवाल्यांचीच नावं येतात आणि ज्यांना पुढे दुसरी मोठी मॅच मिळणारच नव्हती त्यांचा नकार खरं तर जास्त महाग होता. मार्केटीला पुढे बाल्टिमोर कोल्ट्सबरोबर १९५८ ची चॅम्पियनशिप मिळाली (घोटा मोडून घेऊन का होईना). बाकीच्यांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी शाळेच्या टीमचे कोच झाले, धंद्याला लागले. त्यांच्यासाठी ती १ जानेवारी परत कधी आली नाही. युनिव्हर्सिटीने २००६ ला हयात असलेल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली, २००८ च्या फिएस्टा बाऊलला त्यांना बोलावून सत्कार झाला. पंचावन्न वर्षं उशिरा. चांगलं केलं, पण ती मॅच काही नव्हे.

प्रश्न : त्या कॉलेजमधे आता फुटबॉल आहे का?

नाही. १९५९ ला छोट्या पातळीवर परत सुरू केलं होतं, १९७१ च्या सीझननंतर तेही थांबलं. बास्केटबॉल मात्र जोरात, फुटबॉल गेल्यावर चारच वर्षांत, १९५५ आणि १९५६ असं सलग दोनदा हे कॉलेज बास्केटबॉलमधे देशात पहिलं आलं, बिल रसेल खेळत होता तेव्हा. त्या टीममधे तर तीन काळे खेळाडू पहिल्या पाचात होते. त्यावर पुढे कधीतरी वेगळा कॉलम करू, प्रश्न पाठवून ठेवा.